बोटीतला बंब

नवी बोट बांधायला काढली की घरातले पुरुष इंजिन किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं यावर रात्र जागवतात. ते इंजिन गार कसं राहणार, हा प्रश्न आमच्या घरात आईने विचारला. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधलं.

मागच्या महिन्यात शिरगावच्या पुढे मासळीचा एक टेम्पो रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभा होता. ड्रायव्हर अगदी कोवळा पोरगा. हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला वाकला होता. मी रिक्षातूनच ओरडले, "अरे, थांब! हात भाजेल. आधी गार होऊ दे त्याला!" शेजारच्या दोघी माझ्याकडे बघायलाच लागल्या. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. मला हसू आलं. इंजिन गार ठेवायची विद्या मी कुठल्या कारखान्यात शिकले नाही, ती आईच्या चुलीपुढे शिकले.

माझं माहेर सातपाटीचं. पालघर स्टेशनपासून दहा-एक किलोमीटरवर समुद्रालगतचं गाव. पापलेटसाठी नावाजलेलं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तेव्हा आमच्या गावाला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. पुरुष समुद्रावर आणि बायका बंदरावर, बाजारात, हिशेबात, अशी आमच्याकडची वाटणी. बोट पुरुषांच्या हातात असली तरी बोटीचा पैसा बायकांच्या ओच्यात असतो!

ती रात्र

गोष्ट २००२ सालची. दसरा नुकताच झाला होता. बाबा पाच खलाशांना घेऊन गेले होते आणि भरतीबरोबर परत यायचे होते. आमच्या खाडीत गाळ इतका, की भरती असल्याशिवाय बोट आत येत नाही. त्यामुळे घरच्या बायकांना भरतीची वेळ पाठ असते. त्या संध्याकाळी भरती आली, बरोबरच्या बोटी लागल्या, पाट्या उतरल्या. आमची बोट नव्हती. भरती उतरली. अंधार पडला. आई बंदरावरून हलेना. तेव्हा समुद्रात फोन करायची सोय आमच्याकडे नव्हती. जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. आजी देव्हाऱ्यापुढे बसून होती आणि आम्ही भावंडं अंथरुणात डोळे उघडे ठेवून.

दुसऱ्या दिवशी भरतीला दुसऱ्या एका बोटीने दोर लावून आमची बोट ओढत आणली. माणसं सहाच्या सहा सुखरूप होती. आईने देवाला हात जोडले आणि मग खाली बसली, ती किती तरी वेळ उठलीच नाही.

झालं काय होतं? एक प्लास्टिकची पिशवी! दुकानात भाजी, साखर बांधून देतात ना, तसली. समुद्राचं पाणी इंजिनाकडे ओढून घेणारं जे भोक बोटीच्या बुडाशी असतं, त्यावर ती जाऊन चिकटली. पाणी यायचं बंद झालं. पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळाला. इंजिन तापत गेलं. तापमान दाखवणारा काटा कित्येक महिन्यांपूर्वीच मेलेला, त्यामुळे कळलं ते जळका वास आल्यावर. तोवर हेडचं गॅस्केट गेलं होतं आणि पिस्टन धरले होते. मासळी गेली, बर्फ गेला, हंगामातले दिवस गेले. दुरुस्तीसाठी आईच्या दोन पाटल्या गेल्या. एका पिशवीपायी!

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. लोक कुरकुरले. आई एवढंच म्हणाली, "आमच्याकडे ती सोळा वर्षांआधीच आली."

"ह्याला गार कोण ठेवणार?"

२००४ च्या उन्हाळ्यात नवी बोट बांधायला काढली. तयार बोट दुकानात मिळत नाही. लाकूड निवडण्यापासून सगळं आपल्याला हवं तसं करून घ्यायचं. इंजिन सहा सिलिंडरचं, शंभर हॉर्सपॉवरचं ठरलं. उरलेल्या पैशांत काय बसवायचं यावर घरात रोज रात्री चर्चा. भावाला पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र हवं होतं. मिस्त्रींचं म्हणणं, इंजिनाला जुन्यासारखं समुद्राचं पाणीच फिरवा, खर्च नाही काही. बाबा कुंपणावर.

आई भाकऱ्या थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "एवढी आग पोटात घेऊन बसलेलं इंजिन. ह्याला गार कोण ठेवणार, ते आधी सांगा. मासे नंतर दाखवा."

सगळे गप्प झाले.

भावाने मत्स्यव्यवसाय खात्याचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. बोट चालवणं आणि डिझेल इंजिनाची देखभाल, दोन्ही त्यात शिकवतात. त्याने वही काढली आणि आम्हाला हिशेब समजावून सांगितला. तो मला अजून पाठ आहे.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच बोट पुढे ढकलायच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. आणि उरलेल्यातला बराच मोठा भाग इंजिनाच्या अंगात राहतो. तो बाहेर काढावाच लागतो, नाही तर लोखंड लोखंडाला धरतं. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे पाऊणशे किलोवॉट. जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्याने वाहून न्यायची. आपल्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे तीस-पस्तीस गिझर एकदम चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता सतत काढून टाकायची आहे, असं समजा! आई म्हणाली, "मग हा खर्च उरल्यासुरल्या पैशांचा नाही. पहिला आहे."

आधी गाडीचं बघू

गाडीत हे काम रेडिएटर करतो. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, नळ्यांना पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात, त्यातून वारा जातो आणि पाणी गार होऊन परत इंजिनाकडे येतं. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, त्यातलाच हा प्रकार. जितकी जास्त जागा वाऱ्याला लागेल, तितकं लवकर गार.

सुरुवातीच्या मोटारींना हे नव्हतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाईंनी नवऱ्याने बांधलेली तीन चाकी मोटार, त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. शंभरेक किलोमीटर! मोटारीचा एवढा लांबचा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. त्या इंजिनातलं पाणी उकळून वाफ होऊन जायचं, म्हणून वाटेत सारखं थांबून पाणी भरावं लागे. इंधनाची नळी तुंबली तर त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. पुढे बारा-तेरा वर्षांनी, १९०१ च्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या. तेव्हा कुठे जोरदार इंजिनं रस्त्यावर टिकायला लागली.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत हा हिशेब करूनच दिलेला असतो. पण नुसत्या चासीवर स्वतःची बॉडी बांधून घेतली, किंवा जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवलं, की तो हिशेब आपल्यावर येतो. तिथे पाहायच्या गोष्टी चारच. रेडिएटर इंजिनाच्या ताकदीला पुरेल एवढा रुंद-उंच हवा. वारा त्याच्या आरपार जायला हवा, बाजूने नाही. म्हणून कडेच्या फटी बुजवतात आणि पंख्याभोवती पत्र्याचं कडं घालतात. पाण्याची टाकी सगळ्यात उंच हवी, म्हणजे आत हवा अडकत नाही. आणि तो रबराच्या बैठकीवर बसवायचा, नाही तर खड्ड्याखड्ड्यांनी झाळ सुटते. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला तर झाळून घेता येतो. हल्लीचे ॲल्युमिनियमचे वजनाला हलके, पण प्लास्टिकची टाकी तडकली की बहुधा नवाच घ्यावा लागतो. आपल्याकडे टेम्पोच्या तोंडावर जास्तीचे दिवे, पाट्या, शोभेच्या जाळ्या लावतात. दिसायला छान, पण इंजिनाच्या नाकावर रुमाल धरल्यासारखं होतं ते!

बोटीत वारा कुठला?

बोटीचं इंजिन खाली, बंद खोलीत. तिथे वारा नाही. पण भोवती अख्खा समुद्र आहे. त्याची मदत घ्यायचे तीन मार्ग भावाने वहीत मांडले.

पहिला, मिस्त्रींचा. समुद्राचं पाणी सरळ इंजिनात फिरवायचं आणि बाहेर सोडायचं. स्वस्त. पण खारं पाणी तापलं की पातेल्याला बसतो तसा पांढरा थर आत बसतो. वाटा बुजतात, लोखंड गंजतं. थर बसू नये म्हणून इंजिन कोमटच ठेवायचं, तर डिझेल नीट जळत नाही. आमची जुनी बोट याच पद्धतीची.

दुसरा, बुडाला नळ्या. इंजिनात गोडं पाणी फिरतं आणि बोटीच्या बाहेरून, कण्याच्या कडेने बसवलेल्या नळ्यांतून जाऊन गार होऊन येतं. समुद्राचं पाणी आत येतच नाही. गाळाचं, पिशवीचं भय नाही. ऐकायला सगळ्यात बरा.

तिसरा, हीट एक्स्चेंजर. आम्ही त्याला 'कूलर' म्हणतो. एक गोल पिंप, त्यात बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून समुद्राचं पाणी, नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते.

आई हे ऐकून लगेच म्हणाली, "म्हणजे बंबच की! बंबात मधल्या नळीत विस्तव आणि बाहेर पाणी. राख कधी पाण्यात येते का? पण पाणी तापतं." भाऊ बघतच राहिला. त्याला हे शिकायला सहा महिने लागले होते!

आणि आमच्या भागात याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९६९ पासून वीज देऊ लागलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र समुद्रकाठी आहे ते याचसाठी. तिथेही टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करायला समुद्राचं पाणी नळ्यांतून फिरवतात. दोन पाण्यांमध्ये धातूची भिंत, बस्स.

मग ठरवायचं कसं? आईचा प्रश्न साधा होता. "आपली बोट राहते कुठे?" ओहोटीला आमच्या बोटी चिखलात टेकतात. बुडाला नळ्या लावल्या तर त्या दिवसातून दोनदा जमिनीवर टेकणार, आपटणार. त्यावर कालवं-शिंपले चढले की गार करायची ताकद कमी होणार, आणि ते खरवडायला बोट वर ओढावी लागणार. बोट सतत खोल पाण्यात राहत असेल, तर गोष्ट वेगळी. आमच्यासाठी कूलर. बिघडला तर आतून, हाताने उघडता येईल असा. नळ्या मात्र तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूच्या, कारण साधं लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही. महाग होता. मासे दाखवणारं यंत्र त्या वर्षी राहिलं. भाऊ आठ दिवस आईशी धड बोलला नाही.

बसवताना

पावसाळ्यात बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा हे काम झालं. आई रोज दुपारी डबा घेऊन जायची आणि तासभर बसायची. मिस्त्री आधी वैतागले, मग तिलाच विचारायला लागले.

पाणी घ्यायचं भोक कुठे पाडायचं यावर पहिला वाद. अगदी तळाशी घेतलं तर चिखल ओढणार. फार वर घेतलं तर लाटेवर बोट कलली की हवा ओढणार. मधली जागा निवडली. भोकाला आतून चटकन बंद करता येईल असा कॉक, बाहेरून जाळी. आणि आत पाण्याच्या वाटेवर गाळणी. एक नाही, दोन. एक साफ करताना दुसरी चालू राहील अशा. चहाला गाळणी एक पुरते, समुद्राला दोन लागतात, असं आई म्हणायची.

पंपाने मिनिटाला साधारण शंभर लिटर पाणी द्यायला हवं होतं, म्हणजे मोठे पाच हंडे. त्याप्रमाणे नळ्या जाड घेतल्या. गोड्या पाण्याची टाकी सगळ्यात उंच बसवली. कूलरमध्ये जस्ताची एक कांडी बसवतात. खारं पाणी धातू खातं, ते आधी जस्ताला खातं आणि बाकीचे धातू वाचतात. घरातल्या थोरल्या सुनेसारखी! फरक इतकाच, की ती कांडी निम्मी झिजली की बदलायची असते. थोरल्या सुनेचं कोण बघतं?

दोन गोष्टी आईने हट्टाने करून घेतल्या. तापमानाचा काटा नवा, आणि त्याच्या जोडीला इंजिन जास्त तापलं की वाजणारी घंटा. तांडेल जाळ्याकडे बघत असतो, काट्याकडे कोण बघणार? घंटा कुणालाही ऐकू येते. आणि एका पत्र्याच्या डब्यात पंपाचा नवा रबरी पंखा, गॅस्केट, एक पान्हा आणि एक स्क्रूड्रायव्हर. डब्यावर तिने लाल रंगाने लिहून घेतलं, 'खाऊ नाही'.

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा

तुमच्या घरी बोट नसेल, पण टेम्पो असेल, जीप असेल, मुलाने हौसेने फिरवून घेतलेली जुनी गाडी असेल. म्हणून आईच्या अनुभवातलं थोडं:

• तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही लगेच उघडू नका. ते कुकरच्या झाकणासारखं दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. उघडलं की सगळं अंगावर! कुकरची वाफ जिरू देतो, तसं अर्धा तास तरी थांबा.

• काटा वर चढताना दिसला की गाडी बाजूला घ्या. "पोहोचू एवढ्यात" म्हणण्यातच इंजिन जातं.

• तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. गरम काचेच्या ग्लासात बर्फ घातल्यासारखं तडकतं.

• रेडिएटरमध्ये खारट किंवा जड पाणी घालू नका. कंपनी सांगेल तो कूलंट, सांगेल त्या प्रमाणात. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण तो गंज रोखतो.

• बहुतेक कूलंट विषारी असतो आणि चवीला गोडसर. सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलांच्या, मांजरा-कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नका.

• थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिघडला असेल तर बदला. इंजिनाला फार गारही चालत नाही.

• आणि पिशवी... समुद्रात, खाडीत, नाल्यात टाकू नका. ती कुणाच्या तरी बोटीला जाऊन चिकटते.

पाण्याची धार

नारळी पौर्णिमा झाली. बोटीची पूजा झाली. पहिल्या फेरीला भरती पहाटेची होती. आईचा नियम एकच, बोट पूर्ण तरंगल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, नाही तर पहिल्या घोटालाच चिखल. बाबा थांबले. बोट हलली, सुटली, तेव्हा इंजिन चालू झालं.

आम्ही काठावर उभ्या. सगळ्या बायका बोटीच्या नाकाकडे, झेंड्याकडे, फुलांच्या माळांकडे बघत होत्या. आई मात्र बोटीच्या कुशीकडे बघत होती. तिथून कूलरमधलं समुद्राचं पाणी बाहेर पडतं. क्षणभर काहीच आलं नाही. मग पाण्याची जाड, सारखी धार सुरू झाली. आई म्हणाली, "चला. आता घरी जाऊ या."

पुढे दोन वर्षांनी, एका रात्री ती घंटा वाजली. पुन्हा पिशवीच होती! या वेळी बाबांनी इंजिन लगेच बंद केलं. पिशवी काढली, डबा उघडला, पंपाचा पंखा बदलला. तासाभरात बोट चालू. भरती चुकली नाही. बाबा घरी येऊन जेवायला बसले आणि जेवताना सहज सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. भावाने मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्याने आईसाठी काही तरी आणलं. मला वाटलं साडी असेल. कागद सोडला तर आत रबरी पंखा. डब्यात ठेवायला, नवा.

आई आता थकली आहे. बोट भावाचा मुलगा बघतो. मासे दाखवणारं यंत्र केव्हाच आलं, बाकीही बरंच काही आलं. पण माहेरी गेले की मी आईला घेऊन बंदरावर जाते. बोट निघाली की तिला आता नीट दिसत नाही. ती माझा हात धरते आणि विचारते, "धार आहे ना गं?"

मी म्हणते, "आहे, आई."

मग आम्ही घरी जातो.